आण, भाक आणि शब्द

शाळेच्या मैदानावर खोटे पकडले गेलेले मूल गळ्याची कातडी दोन बोटांत धरून म्हणते, "आईशप्पथ, खरंच!" समोरच्याचे तेवढ्याने समाधान होत नाही. तो म्हणतो, "विद्येची घे." आणि कुणी कुणाला शपथ घातलीच, तर ती उतरवण्याचीही रीत ठरलेली आहे. "सुटली म्हण," असा धोशा सुरू होतो आणि समोरचा 'सुटली' म्हणेपर्यंत जिवाला चैन नसते. दोन मिनिटांच्या या व्यवहारात साक्ष आली, तारण आले, तारणाची प्रतवारी आली आणि सुटकेचा विधीही आला. शपथ अधिनियम, 1969 असे सांगतो की बारा वर्षांखालील साक्षीदाराला खरे बोलण्याचे कर्तव्य कळते, पण शपथेचे स्वरूप कळत नाही, असे न्यायालयाला वाटल्यास त्याची साक्ष शपथेविना घेता येते. तरतूद शहाणपणाचीच आहे. तरीही ती लिहिणाऱ्यांनी मधल्या सुट्टीत एखाद्या शाळेत डोकवायला हवे होते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

शपथ आणि वचन यांच्या मराठी भाषेचा अभ्यास हे तसे बेवारस शेत आहे. थोडे कायद्याकडे, थोडे इतिहासाकडे, थोडे व्याकरणाकडे आणि बरेचसे आजीच्या तोंडी. नव्या वाचकांनी यामुळे बिचकू नये. इथे येताना आणायचे सामान तुमच्याकडे आधीच आहे.

प्रवेश शब्दांतून करावा, हे उत्तम. 'आण' या शब्दाचे मूळ 'आज्ञा'. 'भाक' आली 'भाषा'पासून. 'वचन' म्हणजे मुळात नुसते बोललेले. 'कौल' हा अरबी शब्दही मुळात 'बोलणे' याच अर्थाचा. आणि रोजच्या व्यवहारात आपण देतो तो तर सरळ 'शब्द'च. आण सोडली, तर या साऱ्यांचे मूळ साध्या बोलण्यात आहे. मराठीने वचनासाठी निराळी वस्तू घडवली नाही. बोलणेच पुरेशा गांभीर्याने दुसऱ्याच्या हाती ठेवले, की त्याचे वचन होते. या क्षेत्रात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

मग बारकावे कुठे आहेत? ते क्रियापदांत आहेत. वचन देतात आणि पाळतात, जणू ते घरचे जनावर आहे, रोज वैरणपाणी मागणारे. नवस बोलतात आणि फेडतात, म्हणजे ते कर्ज. देवाने आधी आपले काम केले, की आपल्याकडे थकबाकी लागते. शपथ घेतात, वाहतात, घालतात. ती सुटते तरी किंवा मोडते तरी. यांतले 'घालणे' विशेष पाहण्याजोगे आहे. "तुला माझी शपथ" म्हणताना बांधला जातो ऐकणारा, आणि पणाला लागतो बोलणाऱ्याचा जीव. ऐकणाऱ्याची संमती कुणी विचारतच नाही.

इतिहासात शिरताना कागद सावकाश वाचावेत. 1659 मध्ये अफझलखान चालून आला, तेव्हा कान्होजी जेधे आपल्या पाच मुलांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले, अशी हकीकत जेधे घराण्याच्या करीन्यात आहे. 'पाणी सोडणे' हा वाक्प्रचार आज आपण सुट्टी रद्द झाली तरी वापरतो. त्यामागे ओंजळीतून खरेच पडणारे पाणी आहे. बेलभंडार उचलण्याची क्रियाही अशीच, हातात पाने आणि हळद घेऊन करायची. गोतसभेपुढे नुसता शब्द पुरेना, तेव्हा वाद दिव्यावर जाई. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून तिच्यावर मोहर करायची आणि काही दिवसांनी सर्वांदेखत उघडून पाहायचा. 'अग्निदिव्य' हा शब्द परीक्षेच्या निकालासाठी वापरणाऱ्यांनी तो हात एकदा डोळ्यांपुढे आणावा. उलट दिशेचे वचन म्हणजे कौल. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेला सरकार इस्ताव्याचा कौल देई. सारा पहिल्या वर्षी हलका, पुढे वर्षावर्षाने चढता.

आधुनिक काळातला माझा आवडता धागा वेगळाच आहे: वचन कोणत्या भाषेत द्यायचे? लग्नात वर 'नातिचरामि' म्हणतो, बहुधा भटजींच्या मागोमाग आणि अर्थ न कळता. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक विवाहासाठी मंगलाष्टके मराठीत रचली. त्यांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, आणि वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल वराकडून हमी मागते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्याही मराठीत. त्यांचे व्याकरण जरूर पाहा. कर्ता 'मी', आणि अनेक वाक्यांचा शेवट 'मानणार नाही', 'करणार नाही' असा. दैवताला साक्षी ठेवलेले नाही. बोलणाऱ्याचा नकारच वाक्य तोलून धरतो. याच्या शेजारी मंत्र्यांचा शपथविधी ठेवून ऐका. तिथे 'ईश्वरसाक्ष' म्हणायचे की 'गांभीर्यपूर्वक', ही निवड संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीने दिली आहे. त्यानंतर येते ते 'बाळगीन', 'पार पाडीन' असे 'ईन'कारान्त भविष्य, जे घरात आता क्वचितच कानी पडते.

वाचकांनी पुढील पाने क्रमाने वाचायलाच हवीत असे नाही. इतिहासाची ओढ असेल त्यांनी दिव्यापासून सुरुवात करावी, भाषेची असेल त्यांनी क्रियापदांपासून. पण त्याआधी एक वही घ्या आणि आपल्या घरात कोण कशाची शपथ घेते, कशाची मुळीच घेत नाही, ते आठवडाभर टिपून ठेवा. आमच्या घरी आजीला अन्नाची शपथ चाले, मुलाबाळांची चालत नसे. भांडता भांडता आमच्यापैकी कुणी ती घातलीच, तर स्वयंपाकघरातून तिचा आवाज येई, "आधी सुटली म्हण." भांडण कशावरून होते, हे ती नंतर विचारी.