पाय जमिनीला लागला होता का?

मधुमेह म्हटलं की आपल्याकडे आजोबांचा बिनसाखरेचा चहा आणि लग्नात चोरून खाल्लेली जिलबी आठवते. युद्धाशी त्याचा काही संबंध असेल असं मनातही येत नाही. अमेरिकेत मात्र हा संबंध सरकारने मान्य केला आहे.

व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकन विमानांनी जंगलांवर आणि शेतांवर रसायनं फवारली. शत्रूला लपायला झाडी आणि खायला धान्य राहू नये म्हणून. त्यातलं मुख्य 'एजंट ऑरेंज'. पिंपांवरच्या नारिंगी पट्ट्यामुळे पडलेलं नाव. त्यात डायॉक्सिन होतं, आणि हे विष शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं मुक्काम करतं.

सैनिक घरी परतले, नोकरीधंद्याला लागले, पन्नाशीला आले आणि मग साखर निघाली. आता ही साखर वयाची, वजनाची की त्या फवारणीची? एकेका माणसाबद्दल हे कुठलाच डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून १९९१च्या कायद्याने मार्ग काढला: आजार यादीत असेल तर सैनिकाने कारण सिद्ध करायला नको, व्हिएतनाममध्ये सेवा केली एवढं पुरे. टाइप २ मधुमेह त्या यादीत २००१ साली आला.

यादीत तो एक शब्द, पण घरात काय होतं? पाय बधिर होतात, बुटात गेलेला खडा कळत नाही, जखम चिघळते, कधी पाय कापावा लागतो. नजर अधू झाली की गाडी चालवणं बंद, आणि सिरिंजवरच्या बारीक रेघाही दिसेनाशा होतात. अशा माणसाला भरपाई आणि उपचार किती मोलाचे!

पण सरकार म्हणालं, पाय व्हिएतनामच्या जमिनीला लागलेला हवा. जोनाथन हास हे नौसैनिक दारूगोळ्याच्या जहाजावर होते, किनाऱ्यावर कधी उतरले नाहीत. मधुमेहासाठी त्यांनी २००१ साली अर्ज केला, २००६ साली जिंकले आणि २००८ साली अपिलात हरले. दुसरे अल्फ्रेड प्रोकोपियो, 'इंट्रेपिड' या विमानवाहू जहाजावरचे. त्यांचा मधुमेहाचा अर्ज २००६चा. जानेवारी २०१९ मध्ये त्याच अपील न्यायालयाने आपलं आधीचं मत फिरवलं: किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्रही व्हिएतनामच! पुढे त्याच वर्षी तसा कायदाही झाला. तोवर तेरा वर्षं गेली होती, आणि मधुमेह काही निकालासाठी थांबत नाही.

असो. उशिरा का होईना, त्यांना न्याय मिळाला. पण व्हिएतनामी लोकांनी रसायन कंपन्यांवर अमेरिकेत केलेला दावा २००५ साली फेटाळला गेला. त्यांचे पाय तर त्या जमिनीवरच होते.