संगणकाची खरेदी आणि नावाचा महिमा



आमच्या सुपे परगण्यातला शेतकरी बैल घ्यावयाचा झाला म्हणजे जनावराचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. विकणाराच्या पागोट्यावरून तो बैलाची किंमत ठरवीत नाही. संगणकाचे तसे नाही. पेटी उघडली तरी सामान्य माणसास आतले काही उमगत नाही. म्हणून तो पेटीवरचे नाव वाचतो आणि पैसे मोजतो. ही सवय आपल्याकडे कशी रुजली, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

या धंद्यातले पहिले मोठे नाव आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीचे. छिद्रे पाडलेल्या कार्डांवर हिशेब करणारी तिची यंत्रे बहुधा विकली जात नसत, भाड्याने दिली जात. त्यांत कार्डेही तिचीच वापरावी असा दंडक होता. तो बेकायदा असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ साली दिला. तथापि कंपनीचा दरारा उणावला नाही. तिचे विक्रेते यंत्राच्या गुणांइतकेच गिऱ्हाइकाच्या धास्तीवर बोलत. पुढे धंद्यात एक म्हणच पडली की, आय.बी.एम.चे यंत्र घेतले म्हणून कोणा अधिकाऱ्याची नोकरी गेली नाही. दुसऱ्याचे घेतले आणि ते बिघडले, तर मात्र जबाब द्यावा लागे!

हिंदुस्थानात या दराऱ्याची किंमत आपण रोख मोजली. १९५९ साली निघालेले '१४०१' हे यंत्र परदेशात जुने झाल्यावर तेथील वापरलेली यंत्रे दुरुस्त होऊन येथे भाड्याने लागत. मौज अशी की, याच काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या माणसांनी स्वतः संगणक बांधला होता. तो १९६० साली चालू झाला आणि १९६२ साली त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. पण त्याच्यासाठी दारोदार फिरणारे विक्रेते नव्हते. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने परदेशी कंपन्यांनी आपला भाग चाळीस टक्क्यांवर आणावा असे ठरले. आय.बी.एम.ला ते मानवले नाही व १९७८ साली ती येथून गेली. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सरकारी सी.एम.सी.ने पत्करली, आणि कचेऱ्यांचे हिशेब चालूच राहिले.

१९८१ साली याच कंपनीने घरगुती संगणक काढला तेव्हा त्याचा मेंदू इंटेलचा व आज्ञावली मायक्रोसॉफ्टची होती. लवकरच तसलेच संगणक कोणीही जुळवू लागला. मग नावाला अर्थ काय उरला? इंटेलने १९९१ साली नवी युक्ती काढली. पेटीवर आपली चिठ्ठी लावणाऱ्या कारखानदारांच्या जाहिरातीचा काही खर्च ती स्वतः सोसू लागली. जो भाग गिऱ्हाइकास कधी दिसत नाही, त्याचे नाव घरोघरी झाले! तो खर्च अखेर कोणाच्या खिशातून गेला, हे निराळे सांगावयास नको. २००५ साली आय.बी.एम.चा हा सारा घरगुती संगणकांचा धंदा चीनच्या लेनोव्होने विकत घेतला. कारखानदार बदलला, तरी 'थिंकपॅड' हे नाव तसेच चालू राहिले.

जाहिरात म्हणजे लबाडीच, असे मात्र मी म्हणणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरास प्रथम कोणी हात लावीना, कारण लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. १९२० साली शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याची व मालाची माहिती लोकांना व्हावी म्हणूनच. पण त्या नांगराची परीक्षा शेवटी शेतातच होई.

२००१ साली 'एम.एस.-सी.आय.टी.' हा अभ्यासक्रम निघाला आणि संगणक हा शब्द खेडोपाडी पोहोचला. तेव्हापासून कित्येक पालक मुलासाठी कोणता संगणक घ्यावा हे विचारावयास येतात. हातात वर्तमानपत्राचे कात्रण असते, त्यावर नटाचे चित्र असते, आणि पैसा बहुधा कांद्याचा असतो. मुलाला त्यावर काय करावयाचे आहे, असे विचारले की बाप मुलाकडे पाहतो. त्याला मी तीन गोष्टी दुकानदाराकडून कागदावर लिहून आणावयास सांगतो : स्मृती किती, हमी किती वर्षांची, आणि बिघडल्यास दुरुस्ती बारामतीत होणार की पेटी पुण्यास न्यावी लागणार. तिसऱ्या प्रश्नापाशी पुष्कळ दुकानदार कात्रणातले चित्रच पुन्हा दाखवितात.