प्रवराकाठच्या मुरूमवाटा : नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

प्रवरा नदी पाहिलेली माणसे पुष्कळ भेटतात, पण बहुतेकांनी ती पुलावरून पाहिलेली असते. पुणे-नाशिक रस्ता तिला संगमनेरला ओलांडतो, नगर-मनमाड रस्ता कोल्हारला. दोन्ही मोठे रस्ते खोऱ्याला आडवे जातात. गाडीतल्या माणसाच्या वाट्याला नदी येते ती अर्धा मिनिट, तीही कठड्याच्या फटींतून. रतनगडाच्या डोंगरात उगम पावून अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर, नेवासा असे तालुके भिजवत गोदावरीला मिळणारी ही नदी लांबीने समजून घ्यायची, तर तिच्या बरोबरीने धावणारे रस्ते धरावे लागतात. ते रस्ते डांबरी नाहीत. या अभ्यासक्षेत्राचा पाया एवढाच आहे आणि त्यात येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत आहे.

हे रस्ते मुख्यतः दोन जातींचे. एक पाणंद, म्हणजे दोन शेतांमधून किंवा गावांच्या शिवेवरून जाणारी जुनी गाडीवाट. दुसरा पाटाच्या भरावावरचा रस्ता, कालव्याची देखभाल करणाऱ्यांसाठी ठेवलेला. दोन्हींवर मुरूम असतो, कुठे खडी, कुठे नुसती दबलेली माती. चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर, डिस्क ब्रेक आणि हलका सांगाडा असलेली 'ग्रॅव्हल' सायकल अशा वाटांसाठीच घडवलेली. अमेरिकेतील कॅन्ससमध्ये एम्पोरियाची शर्यत २००६ साली सुरू झाली, २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि आता आपल्या शहरांतल्या दुकानांतही या सायकली दिसतात. प्रवराकाठच्या दूधवाल्याला मात्र यात नवल वाटणार नाही. दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून तो पाणंदीतून सायकल हाकत आला आहे, तीही बिनगिअरची. शर्यतीच्या हौशीने येणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते: घड्याळ घरी ठेवा. ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या वर गेलात की हे खोरे पुन्हा पुलावरून पाहिल्यासारखेच दिसू लागते.

या क्षेत्राची साधने ग्रंथालयात कमी आणि तहसील कचेरीत जास्त सापडतात. गाव नकाशा हे त्यांतले पहिले साधन. त्यावर पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात आणि गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेने. मोबाइलवरच्या नकाशात जिथे नुसती हिरवी शेते दिसतात, तिथे गाव नकाशावर गाडीरस्ता निघतो. प्रत्यक्षात जावे तर तिथे ऊस उभा असतो. रस्ता अडवल्याचे दावे १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली चालतात, बांधावरून वाट मागायची तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. या दाव्यांची कागदपत्रे कंटाळवाणी वाटतात खरी. पण कोणती वाट कोणाच्या वहिवाटीची, ती कुठून कुठे जाई, तिच्यावरून बैलगाड्या जात की नुसती गुरे, हे त्यांतल्या जबाबांत जितके नेमके मिळते तितके कोणत्याही प्रवासवर्णनात मिळत नाही. पाटांसाठी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचा गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांवरचा १९४८ चा अहवाल वाचावा. लोणीच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर त्या उभारणीत गाडगीळही होते. पाटाच्या भरावावरून जाताना एका हाताला ऊस आणि दुसऱ्या हाताला जिरायत माळ लागतो, तेव्हा त्या अहवालाचा विषय दोन्ही बाजूंना उभा असतो.

नवख्या अभ्यासकाला वाटते की उगमाकडून संगमाकडे गेले की काळही ओळीने भेटेल. प्रवरा तशी सरळ नाही. अगदी वरच्या टोकाला रतनवाडीत अमृतेश्वराचे मध्ययुगीन शिल्पसंपन्न देऊळ, त्याच्या खालच्या अंगाला भंडारदऱ्याचे १९२६ मध्ये पुरे झालेले विल्सन धरण, त्याखाली निळवंडे, ज्याच्या कालव्यांना पाणी २०२३ साली सुटले. मग संगमनेर: म्हाळुंगीच्या संगमावरचे गाव, यादव राजा दुसरा भिल्लम याचा इसवी सन १००० चा ताम्रपट याच गावाच्या नावाने ओळखला जातो. शाहीर अनंत फंदीही इथलाच. रुळलेली वाट सोडून आडरानात शिरू नये असे बजावणारा त्याचा फटका शाळेत पाठ केलेल्या मराठी माणसाने त्याच्याच गावाबाहेर मुरमाडीला लागावे, यातली गंमत त्यालाही आवडली असती.

संगमनेरच्या जवळच जोर्वे आहे. १९५०-५१ मध्ये इथे झालेल्या उत्खननात चाकावर घडवलेली, तांबड्या पृष्ठावर काळी भौमितिक नक्षी असलेली खणखणीत मृद्भांडी मिळाली आणि महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला या छोट्या गावाचे नाव मिळाले. खाली श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद. १९७४ साली तिथे एका शेतकऱ्याला काशाच्या चार वस्तू सापडल्या. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. हत्ती, गेंडा, रेडा आणि एक गाडी. ही गाडी सवडीने पाहण्यासारखी आहे. लांब दांडी, पुढे जुंपलेले दोन बैल, मागे उभा राहून हाकणारा माणूस आणि दोन भरीव, आऱ्यांशिवायची चाके. या वस्तू नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर पंडितांचे एकमत नाही. उत्तर हडप्पा काळाकडे बोट दाखवणारे आहेत, तसे धातूच्या घटकांवरून शंका घेणारेही आहेत. आपल्या क्षेत्रापुरते महत्त्वाचे हे की चाक आणि त्याला लागणारी वाट हा या काठाचा फार जुना विषय आहे. दायमाबादच्या पांढरीकडे जाताना आजही उसाच्या बैलगाड्यांना बाजू द्यावी लागते.

नेवाशाला आले की बहुतेकांची पावले आधी पैसाच्या खांबाकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. ज्ञानेश्वरी इथे १२९० मध्ये सांगितली गेली आणि दुर्गाबाई भागवतांच्या पुस्तकाला या खांबाने नाव दिले. तिथून सायकल नदीकाठी न्यावी. पात्राने कापलेल्या दरडीत गोट्यांचा आणि वाळूचा चुन्याने सिमेंटसारखा घट्ट झालेला थर दिसतो. याच थरात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना पुराश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या, आणि त्याच्या वरच्या गोट्यांच्या थरात चर्ट, जास्पर, अगेट अशा दगडांची लहान छिलका-हत्यारे. १९५४ ते ५६ या काळातल्या इथल्या उत्खननाच्या अहवालाला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इतिहासाकडून प्रागितिहासाकडे जाणारे नाव दिले. म्हणजे ज्या खडीवर आपण टायर घालतो, तशाच नदीने वाहून आणलेल्या खडीने इथल्या माणसाचा सर्वांत जुना पुरावा सांभाळून ठेवला. दरड पाहावी, फोटो काढावा, दगड मात्र उचलू नये. थरातून सुटलेले हत्यार पिशवीत गेले की त्याचा साक्षीदार म्हणून उपयोग संपतो.

हंगामाविषयी दोन शब्द. पावसाळ्यात इकडे येऊ नये. इथली काळी माती ओली झाली की टायर आणि फोर्क यांच्यामध्ये अशी चिकटते की चाक फिरायचे थांबते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. दिवाळीनंतर वाटा सुकतात, पण तेव्हाच ऊसतोड सुरू होते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अरुंद पाणंदीत समोर आला तर बांधावर चढण्यावाचून इलाज नाही. पाटाचे आवर्तन सुटलेले असेल तर शेतकरी रात्रीही चारीवर जागे असतात आणि अनोळखी दिव्याकडे संशयाने पाहतात. आधी रामराम करावा, गाव सांगावे, कुठे निघालो ते सांगावे. पाटकरी भेटला तर थांबावेच. कोणता भराव कोणत्या साली फुटला, कुठल्या चारीच्या कडेची जुनी वाट कोणी नांगरली आणि तिच्याऐवजी लोक आता कुठून जातात, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत नसते. त्याचे सांगणे त्याच संध्याकाळी गाव नकाशाच्या प्रतीवर पेन्सिलीने उतरवावे, तारखेसकट.