यंत्राचा आवाज आणि मनुष्याचा कान

भंडाऱ्याच्या बाजारांत पितळेचा गुंड विकत घेणारें जुनें माणूस त्याची पारख केवळ डोळ्यांवर सोंपवीत नाहीं. गुंड उचलावा, मोकळ्या हातावर तोलून धरावा, बोटाच्या पेऱ्यानें त्यावर टिचकी मारावी आणि नाद विरेपर्यंत थांबावें, हा त्याचा क्रम ठरलेला. नाद खणखणीत उठून सावकाश विरला म्हणजे भांडें निर्दोष. बद्द वाजलें म्हणजे कोठें तरी चीर आहे किंवा जोड फसवा आहे, असें समजावयाचें. वैनगंगेच्या कांठचें हें गांव पितळी भांड्यांसाठीं पिढ्यान् पिढ्या नांवाजलेलें असल्यामुळें ही विद्या येथें कोणीं कोणास मुद्दाम शिकविली नाहीं. ती घरोघर आपोआप आली. नाणें पारखण्याची रीतहि हीच होती. चांदीचा रुपया दगडावर आपटून पाहण्याचे दिवस गेले, पण खऱ्या माणसाला ‘खणखणीत नाणें’ म्हणण्याची संवय आपल्या भाषेंत उरली आहे.

ह्या विद्येचा आणि आमच्या टेबलावरील संगणकाचा कांहीं संबंध असेल असें आम्हांस फार दिवस वाटलें नव्हतें. तो संबंध आम्हांस नुकसान सोसून कळला. आणि मग त्याचा मागोवा घेऊं लागल्यावर तो आमच्या कल्पनेहून पुष्कळ जुना निघाला. तोच येथें वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

यूरोपांत ह्या ऐकण्याच्या विद्येला शास्त्राचा दर्जा देण्याचें काम विशेषेंकरून वैद्यकानें केलें. ऑस्ट्रियांतील ग्राट्स शहरच्या एका खानावळवाल्याचा मुलगा लिओपोल्ड आउएनब्रुगर हा पुढें व्हिएन्ना येथें वैद्य झाला. मद्याचें पिंप कितपत भरलें आहे हें बाहेरून ठोकून ओळखण्याची रीत त्यानें बापाच्या घरीं पाहिली होती, असें सांगतात. तीच रीत त्यानें रोग्याच्या छातीवर चालविली आणि १७६१ सालीं त्यावर एक लहानसा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. समकालीनांनीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिझार यानें १८०८ सालीं त्याचें फ्रेंच भाषांतर केलें, तेव्हां कोठें त्याची किंमत लोकांस कळली. कॉर्व्हिझारचाच शिष्य लेनेक. त्यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी करून ती एका रोगिणीच्या छातीला लावली, आणि त्यांतून स्टेथॉस्कोप जन्मास आला.

परंतु लेनेकची थोरवी केवळ त्या नळींत नाहीं. जिवंतपणीं रोग्याच्या छातींत जो आवाज ऐकला, त्याचा ताळा तो मृत्यूनंतर शरीर उघडून पाहून घेत असे. कोणत्या आवाजामागें कोणता बिघाड, ह्याचें कोष्टक त्यानें अशा रीतीनें जमविलें आणि १८१९ सालीं तें जगापुढें ठेवलें. ऐकणें ही अर्धी विद्या. ऐकलेल्याचा ताळा पाहणें ही उरलेली अर्धी. यंत्राच्या बाबतींतहि हाच नियम लागू पडतो, हें पुढें दिसून येईल.

यंत्रयुग आलें तें ह्या विद्येला सोबत घेऊनच आलें. आमच्या जिल्ह्यांतून जाणारा लोहमार्ग १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीकडे होता. त्या काळीं रेल्वेवर लांब दांड्याची हातोडी घेऊन उभ्या गाडीच्या चाकांवर एकामागून एक ठोके देत जाणारा माणूस हें नेहमींचें दृश्य असे. निरोगी पोलादी चाक घंटेसारखें वाजतें. तडकलेलें बद्द वाजतें. तुमसर तालुक्यांतील चिखला येथें मँगनीजची भूमिगत खाण आहे. अशा खाणींत काम सुरू करण्यापूर्वीं छताला पहारीनें ठोकून पाहण्याची रीत आहे. आवाज भरीव आला तर छत पक्कें, पोकळ आला तर वरचा दगड सुटत चालला आहे असें समजावयाचें. येथें कान चुकला तर प्राणाशीं गांठ असते.

संगणकाच्या इतिहासांत शिरतांना वाटतें कीं, येथें तरी कानाचें काम संपलें असेल. गणित करणाऱ्या यंत्राला आवाज कशाला? वस्तुस्थिति उलट आहे. पहिल्या पिढींतील कित्येक यंत्रें रिलेंच्या खडखडाटावर चालत. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ ह्या यंत्राच्या एका रिलेंत पतंग सांपडला, आणि तो तेथील नोंदवहींत चिकटवून ठेवण्यांत आला. त्यावरूनच यंत्रांतील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणूं लागले, अशी समजूत आहे. ती खरी नव्हे. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रव्यवहारांत हा शब्द त्याच अर्थानें आलेला आहे. मात्र पतंगाची ती गोष्ट ऐकून भंडाऱ्याच्या रहिवाशास नवल वाटणार नाहीं. पावसाळ्यांत ज्यानें येथें संगणकाची पेटी उघडली आहे त्याला मुंग्या, झुरळें आणि प्रसंगीं एखादी पालहि भेटलेली असते.

पुढें यंत्राला मुद्दाम वाचा देण्यांत आली. १९५१ सालीं मँचेस्टर विद्यापीठांत आलेल्या ‘फेरांटी मार्क १’ ह्या संगणकास एक भोंगा जोडलेला होता. गणित संपलें किंवा कांहीं चुकलें तर यंत्रानें तो वाजवून आपल्या चालकास हांक मारावी, हा त्याचा हेतु. अॅलन ट्यूरिंग यानें त्या यंत्राच्या उपयोगाची जी पुस्तिका लिहिली तींत ह्या भोंग्याचें वर्णन आहे. एकच आज्ञा ठराविक अंतरानें पुन्हां पुन्हां दिली म्हणजे भोंग्यांतून सूर उमटतो, हें ध्यानीं आल्यावर क्रिस्टोफर स्ट्रॅची यानें त्यांतून इंग्लंडचें राष्ट्रगीतहि वाजवून घेतलें. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत घडविलेला संगणक १९६० सालीं कामास लागला व १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्यांत अडीच हजारांहून अधिक निर्वात नळ्या होत्या. खोलीभर पसरलेलें असें यंत्र सांभाळणाऱ्याला तें डोळ्यांसमोर अहोरात्र असे. त्याची नेहमींची घरघर त्याच्या कानांत मुरलेली असे.

टेबलावरचा संगणक घरांत आला आणि ही जवळीक नाहींशी झाली. यंत्र लहान झालें, झांकलें गेलें, टेबलाखालीं ढकललें गेलें. तरीहि त्याची वाचा पूर्वजांकडूनच आलेली आहे. १९८१ सालच्या आय.बी.एम. कंपनीच्या संगणकानें चालू होतांच स्वतःची तपासणी करून एक लहान ‘बीप’ द्यावा, म्हणजे सर्व ठीक, असा संकेत होता. एक लांब व दोन लहान बीप आले तर चित्र पडद्यावर नेणाऱ्या भागांत दोष. पुढें निरनिराळ्या कंपन्यांनीं निरनिराळे संकेत ठरविले, म्हणून आपल्या मदरबोर्डाची पुस्तिका जपून ठेवणें हिताचें असतें. हे आवाज शिकविलेले आहेत. न शिकविलेले आवाज ओळखणें त्याहून कठीण.

ह्या न शिकविलेल्या आवाजांचीं तीन कुळें सांगतां येतील. पहिलें कुळ पंख्याचें. आंत एखादी तार पात्याला लागत असेल तर जलद टकटक ऐकूं येते, आणि पंख्याची गति बदलली कीं तिचीहि गति बदलते. धूळ व धानाचा कोंडा बसून पात्यांचा तोल गेला तर संबंध पेटी थरथरते. बेअरिंगमधील तेल सुकलें तर सकाळीं सुरुवातीलाच घरघर मोठी असते आणि यंत्र तापल्यावर पुष्कळदां कमी होते. दुसरें कुळ विजेचें. विद्युत्प्रवाहाच्या चढउतारानें वेटोळें कंप पावूं लागलें म्हणजे डांसाच्या गुणगुणीसारखा बारीक सूर निघतो. कामाचा भार वाढला कीं तो बदलतो. तो कानाला त्रास देतो, पण बहुधा निरुपद्रवी असतो. पॉवर सप्लायची पेटी मात्र घरीं उघडूं नये, कारण वीज तोडल्यावरहि तिच्यांत धोकादायक दाब कांहीं काळ उरतो.

तिसरें कुळ तबकडीचें, म्हणजे हार्ड डिस्कचें. हिचा मूळपुरुष १९५६ सालचा. आय.बी.एम.च्या त्या यंत्रांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटास १२०० फेरे घेत, आणि सर्वांत मिळून सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आजच्या घरगुती तबकडीचे फेरे बहुधा मिनिटास ५४०० किंवा ७२०० असतात. तिच्या पृष्ठभागावरून वाचक-शीर्ष जें तरंगत जातें, तें केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनहि कमी अंतरावरून. शीर्षाला आपली खूण सांपडली नाहीं तर तें मूळ जागीं परततें आणि पुन्हां शोधूं लागतें. ह्या परतण्याचा आवाज म्हणजे ती सुप्रसिद्ध टिचकी : टक्, क्षणभर स्तब्धता, पुन्हां टक्. पंख्याची टकटक अखंड असते. तबकडीची टिचकी थांबून थांबून येते आणि पंख्याच्या गतीशीं तिचा कांहीं संबंध नसतो. तबकडींतून घासल्यासारखा आवाज येऊं लागला तर शीर्ष पृष्ठभागाला लागलें असण्याचा संभव असतो. अशा वेळीं यंत्र पुन्हां पुन्हां चालू करून पाहणें म्हणजे जखम खाजवून मोठी करण्यासारखें आहे. तें बंद करून जाणत्याच्या हातीं द्यावें, हाच खरा उपाय.

एवढें ज्ञान आज सांगत आहों तें आम्हांस वेळेवर नव्हतें. आमच्या वृद्ध आत्याबाईंना जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत होत्या. त्या झाडीच्या बोलींतल्या, आजीपणजीकडून आलेल्या. एका उन्हाळ्यांत आम्ही त्यांना संगणकाजवळ बसवून त्या ओव्या ध्वनिमुद्रित करूं लागलों. त्याच उन्हाळ्यांत यंत्राची घरघर वाढली होती. दुरुस्त करणाऱ्यानें पंखा साफ करून दिला आणि घरघर थांबली. आषाढांत पुन्हां आवाज सुरू झाला तेव्हां आम्हीं तो त्याच पंख्याचा मानला. दुरुस्त करणाऱ्यानेंहि न पाहतां तसेंच सांगितलें. तो आवाज थांबून थांबून येत होता, पण इकडे आमचें लक्ष गेलें नाहीं. एकदां निदान झालें कीं मनुष्य पुढचें ऐकणें सोडून देतो. आठ दिवसांत तर आमच्या कानांना त्याची इतकी संवय झाली कीं तो ऐकूंच येईना.

तो ऐकूं आला फक्त आत्याबाईंना. शेवटच्या बैठकींत ओवी मध्येंच थांबवून त्या म्हणाल्या, “बाबू, तुझी पेटी बद्द वाजून राह्यली.” आम्ही हंसलों आणि पुढें चला म्हटलें. आयुष्यभर गुंड वाजवून घेतलेल्या त्या कानाला जें कळलें तें आम्हांस कळलें नाहीं. भाद्रपदांत एका सकाळीं पडद्यावर अक्षरें उमटलीं कीं तबकडी सांपडत नाहीं. जाणत्यांकडे नेली, पण पृष्ठभाग खरवडला गेला होता. तोंवर आत्याबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि ओव्यांची सुरुवातहि त्यांना आठवेना. कार्तिकांत त्या गेल्या. शेवटच्या बैठकीचें ध्वनिमुद्रण त्याच संध्याकाळीं नागपूरच्या भाचीकडे पाठविलें होतें, तेवढें राहिलें. त्यांत त्यांचा तो शब्द आहे. आणि दोन ओव्यांच्या मधल्या शांततेंत ती टिचकीहि स्पष्ट ऐकूं येते. आतां ती आम्हांस प्रत्येक वेळीं ऐकूं येते.

ह्या सगळ्या इतिहासांतून आम्हांस जें समजलें तें असें. बिघाडाचा आवाज ओळखावयाचा तर निरोगी आवाज आधीं कानांत असावा लागतो. बाजारांतलें जुनें माणूस फुटकें भांडें ओळखतें तें शेंकडों चांगलीं भांडीं वाजवून पाहिलेलीं असतात म्हणून. लेनेकनें निरोगी छातीहि ऐकली होती. आम्हीं मात्र आमच्या संगणकाकडे तो कुरकुरूं लागल्यावर प्रथम लक्ष दिलें. त्यापूर्वीं तो कसा वाजत होता हें विचारलें असतें तर आम्हांस सांगतां आलें नसतें.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. नव्या संगणकांत फिरत्या तबकडीच्या जागीं एसएसडी बसवितात. तींत हलणारा भाग नाहीं. ती टिचकी देत नाहीं, घासत नाहीं. कानाला कांहींएक न सांगतां बंद पडूं शकते. ज्या इशाऱ्याकडे आम्हीं दुर्लक्ष केलें तोहि तिच्याकडून मिळावयाचा नाहीं. म्हणून अशा यंत्रांत ठेवलेल्या वस्तूची दुसरी नक्कल दुसऱ्या ठिकाणीं असणें, हाच तेथें कानाचा पर्याय होय.

परंतु फिरत्या तबकडीचे संगणक अजून पुष्कळ घरीं आहेत. ज्याच्या घरीं तो असेल त्यानें आज रात्रीं सर्व निजल्यावर, यंत्र धड आहे तोंच, पांच मिनिटें त्याच्याजवळ बसून त्याचा आवाज नीट ऐकून ठेवावा. नक्कल करण्याचें काम मात्र त्याआधीं उरकावें.