‘अफवा’ची कुळकथा

आपल्याकडे अफवा उठते, पसरते, कधी जीवही घेते. मराठीत हा शब्द एकवचनी, पण मुळात तो अनेकवचन आहे. अरबीत ‘फूह’ म्हणजे तोंड आणि ‘अफवाह’ म्हणजे तोंडे. फारसीत त्याचा अर्थ झाला तोंडोतोंडी फिरणारी, खात्री नसलेली वार्ता. मराठीत शेवटचा ‘ह’ गळाला आणि अनेक तोंडांची एकच अफवा झाली. ‘अमीर’चे अनेकवचन ‘उमरा’ आपल्याकडे ‘उमराव’ होऊन असेच एकट्या सरदाराचे नाव झाले.

असे शब्द मराठीत आले ते फारसीतून, आणि वऱ्हाडात फारसी रुजली ती राज्यकर्त्यांमुळे. या राज्यकर्त्यांच्या झगड्यांत एकट्या मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडलाच दोन लढाया झाल्या. 1437 मध्ये बहमनी सरदार खलफ हसन बसरीने खानदेशच्या नासीरखान फारूकीला इथे हरवले. 1590 च्या सुमारास अहमदनगरच्या गादीच्या भांडणात जमालखान इथेच पडला. बहमनी, इमादशाही, निजामशाही, मग मोगल; धनी बदलले, पण दरबारात फारसीचा मान टिकला. अर्ज, फिर्याद, दफ्तर, खबर हे शब्द गावोगावी बोलीत मुरले. अफवा त्याच गोतावळ्यातली.

तोवर मराठीला शब्दांची वाण होती असे नाही. आवई उठत होती, कंडी पिकत होती, वावड्या उडत होत्या. संस्कृतातली ‘किंवदंती’ म्हणजे ‘लोक काय म्हणतात’, तर इंग्रजी ‘रूमर’च्या लॅटिन मुळाशी गलका आहे. अफवा, किंवदंती, रूमर या तिन्ही शब्दांत बोलणे आहे, आवाज आहे. बोलणाऱ्याचे नाव मात्र एकातही नाही. अफवेचे बळ या निनावीपणातच आहे.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात याचा भयंकर प्रत्यय आला. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

पण ही मर्यादा कंपनीने घालून भागत नाही, ती आपण स्वतःला घालायला हवी. अशी वार्ता हाती आली की विचारा : हे स्वतः कुणी पाहिले? सांगणाऱ्याचे नाव मिळत नसेल, तर ती पुढे धाडू नका.