'देश तसा वेश' : म्हणीचा अर्थ आणि पोहरादेवीची साक्ष

'व्हेन इन रोम, डू ॲज द रोमन्स डू' ही इंग्रजीतील सुपरिचित म्हण. रोममध्ये असताना रोमवासीयांप्रमाणे वागावे, हा तिचा शब्दार्थ. परक्या ठिकाणी तेथील रीतिरिवाज पाळावेत, हा भावार्थ. मराठीतील 'देश तसा वेश' ही तिची जवळची बहीण होय.

उगम

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टिन यांच्या मातोश्री मोनिका मिलान येथे आल्या. रोममध्ये शनिवारी उपवास करण्याची प्रथा होती, मिलानमध्ये ती नव्हती. मग कोणती प्रथा पाळावी? आपण रोममध्ये असलो की शनिवारी उपवास करतो, येथे असलो की करीत नाही, असे मिलानचे बिशप ॲम्ब्रोज यांनी सांगितले. ऑगस्टिन यांनी ही हकीकत आपल्या पत्रांत नोंदविली आहे. येथे बदलला तो उपवासाचा वार, श्रद्धा नव्हे.

वापर

इंग्रजी संभाषणात बहुधा 'व्हेन इन रोम' एवढाच पूर्वार्ध उच्चारला जातो. केळीच्या पानावर हाताने जेवणारा परदेशी पाहुणा तो हसत म्हणू शकतो. मात्र स्वार्थासाठी मते बदलणाऱ्यास ही म्हण लावणे योग्य नाही. त्यासाठी मराठीत 'वारा येईल तशी पाठ द्यावी' ही वेगळी म्हण आहे.

म्हणीची मर्यादा

ही म्हण पाहुण्यासाठी आहे. ज्यांचा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्यांनी काय करावे? याचे उत्तर वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे मिळते. मानोरा तालुक्यातील हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे असून रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेशातूनही भाविक येतात.

बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून मुलूख तुडविणाऱ्या या समाजाने अनेक देश पाहिले. पण वेश बदलला नाही. आरसे, कवड्या आणि भरतकाम यांनी नटलेला स्त्रियांचा पेहराव प्रांतोप्रांती ओळखू येतो. गोरबोलीही टिकली. लिपी मात्र 'देश तशी' स्वीकारली गेली : महाराष्ट्रात देवनागरी, कर्नाटकात कन्नड, तेलंगण व आंध्रात तेलुगू. व्यवहारासाठी त्या त्या प्रांताची भाषा, तांड्यात आपली बोली, असा हा मेळ आहे.

सरकारदरबारी मात्र ही म्हण वेगळ्याच अर्थाने खरी ठरते. हाच समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर तेलंगण व आंध्रात अनुसूचित जमातींत मोडतो. सीमेपलीकडच्या आप्तेष्टांना मिळणाऱ्या सवलती अलीकडच्यांना मिळत नाहीत. याच प्रश्नावर २०२५ मध्ये महाराष्ट्रात मोर्चे निघाले.

पारंपरिक पेहराव आता तरुण पिढीत मुख्यत्वे सणासमारंभांपुरता उरला आहे. पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. संग्रहालयात वेश जपता येतो. बोली मात्र घरात बोलली गेली तरच जगते. यजमानाच्या रीतीचा मान राखावा, एवढेच ही म्हण सांगते. स्वतःचे सर्वस्व टाकून द्यावे, असे ती सांगत नाही.