वार्धक्य आणि बोधनिक लवचिकता

बोधनिक लवचिकता म्हणजे परिस्थिती किंवा नियम बदलला असता जुना विचार बाजूला सारून नव्या नियमानुसार विचार व कृती करण्याची मनाची क्षमता होय. उतारवयात ही क्षमता काही अंशी मंदावते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठीत रूढ आहे; मात्र संशोधनाच्या कसोटीवर ती अर्धीच उतरते.

मेंदूतील बदल

या क्षमतेचा मुख्य आधार म्हणजे कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा भाग. वयानुसार मेंदूचे आकारमान घटते आणि ही घट या भागात तुलनेने अधिक आढळते. मेंदूचे निरनिराळे भाग जोडणाऱ्या तंतूंची गुणवत्ता उतरते, डोपामिन या रसायनाचे कार्यही क्षीण होते. परिणामी माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग कमी होतो. वृद्धांच्या उत्तरांत पुष्कळदा चुकीपेक्षा विलंबच अधिक असतो.

मापन

१९४८ साली प्रसिद्ध झालेली विस्कॉन्सिन पत्ते-वर्गीकरण चाचणी यासाठी विशेष वापरली जाते. तीत पत्ते रंग, आकार किंवा संख्येनुसार लावायचे असतात आणि नियम न सांगता मध्येच बदलला जातो. जुन्याच नियमाला चिकटून राहिल्याने होणाऱ्या चुका वयोमानाने वाढतात. तथापि, दोन कामे आळीपाळीने करण्याच्या प्रयोगांतून एक वेगळी बाब पुढे आली. प्रत्यक्ष बदलाच्या क्षणी लागणारा जादा वेळ तरुण व वृद्ध यांच्यात फारसा भिन्न नसतो. दोन्ही नियम एकाच वेळी मनात तयार ठेवावे लागले, की वृद्धांची गती अधिक उतरते.

शब्दसंग्रह, व्यासंग व अनुभवजन्य ज्ञान मात्र दीर्घकाळ टिकते. रेमंड कॅटेल यांनी प्रवाही आणि संचित बुद्धिमत्ता असा भेद केला तो याच संदर्भात. महामहोपाध्याय पां. वा. काणे (जन्म १८८०) यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये, तर अखेरचा १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. असे उदाहरण अपवादात्मक असल्याने त्यावरून सर्वसामान्य नियम काढता येत नाही.

सीमाभागातील द्विभाषिकता

कोल्हापूर जिल्ह्यातील हिरण्यकेशी नदीकाठचे गडहिंग्लज हे कर्नाटक सीमेलगतचे गाव. येथे मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते. बाजारात एकाशी कन्नडमध्ये भाव करून लगेच दुसऱ्याशी मराठीत बोलणारे वृद्ध सहज भेटतात. भाषेची अशी अदलाबदल हा बोधनिक लवचिकतेचाच नित्याचा वापर होय.

हैदराबाद येथे सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला (२०१३). त्यांपैकी ३९१ जण एकाहून अधिक भाषा बोलणारे होते आणि त्यांच्यात हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दिसले. निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळल्याने तो केवळ शिक्षणाचा परिणाम मानता येत नाही. दोनाहून अधिक भाषांचा जादा लाभ मात्र दिसला नाही. निरोगी व्यक्तींचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अन्यत्रच्या काही अभ्यासांत असा लाभ आढळलेला नाही. त्यामुळे या प्रश्नावर मतभेद आहेत. गडहिंग्लजसारख्या गावात द्विभाषिकता शाळेपेक्षा घर आणि बाजार यांतून येते, म्हणून हैदराबादचा निष्कर्ष येथे विशेष लक्षणीय ठरतो.

स्मृतिभ्रंशाशी गल्लत

वयोमानाने येणारा संथपणा आणि स्मृतिभ्रंश या भिन्न गोष्टी आहेत. नवा मोबाइल शिकण्यास वेळ लागणे हा पहिला प्रकार. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, व्यवहारातील पैशांचा हिशेब अजिबात न जमणे हा दुसऱ्याचा इशारा असू शकतो. ‘म्हातारपणी असे व्हायचेच’ या समजुतीमुळे रुग्ण डॉक्टरांकडे उशिरा पोहोचतो. उलट, ऐकू कमी येणाऱ्या वृद्धाला अनेकदा विनाकारण हेकट ठरवले जाते. बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह व एकटेपणा हे स्मृतिभ्रंशाचे टाळता किंवा आटोक्यात ठेवता येण्याजोगे धोके मानले जातात. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात असे एकूण १४ घटक दिले असून श्रवणयंत्राचा वापर हा त्यातील शिफारशींपैकी एक आहे.